गाडी हलकी झाली तेव्हा

पुणे

चि. भाचीस,


तुझं पत्र पोचलं. बी.ए. झालं, आता दिग्दर्शनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करायचा, तोही माहितीपटाचा नाही तर कथापटाचा, हे तू ठरवलंस. भाऊजींचा प्रश्नही जसाच्या तसा लिहिलास, ते बरं केलंस: "शिनिमात काय शिकाचं असते वं? मोबाइल तर हाये ना हातात." हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नकोस. त्याचं उत्तर भाऊजींना पटेल असं देता आलं, तर तुझी प्रवेशाच्या मुलाखतीची अर्धी तयारी झाली असं समज.

भाऊजींच्या बाजूनं उभी राहणारी माणसं लहानसहान नाहीत. सुमित्रा भावे समाजकार्यातून सिनेमाकडे आल्या. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. तेही कुठल्या चित्रपटशाळेत शिकलेले नव्हते. ‘संत तुकाराम’ (१९३६) करणारे दामले आणि फत्तेलाल यांच्या वेळी तर देशात अशी शाळाच नव्हती. शिवाय कुठलाही निर्माता पैसे लावण्याआधी पदविका बघायला मागत नाही. पोटापाण्याची हमी म्हणून हा अभ्यासक्रम करायचा असेल, तर भाऊजींचं ऐक आणि बी.एड.चा फॉर्म भर.

पण हीच उदाहरणं जरा जवळून बघ. दामले आणि फत्तेलाल कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाले. पडदे रंगवण्यापासून कॅमेऱ्यापर्यंत सगळी कामं करत त्यांची उमेदवारी झाली, मग १९२९ मध्ये ‘प्रभात’ ही त्यांची कंपनी निघाली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला आली. म्हणजे तेव्हा कारखाना हीच शाळा होती. पुढे स्टुडिओंचे दिवस संपले आणि ती उमेदवारीही संपली. १९६० साली सरकारनं त्याच प्रभातच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली, तेव्हा कारखान्यातलं शिक्षण वर्गात आलं. सुमित्राताईंचंही तसंच. ‘दोघी’ या चित्रपटात त्यांच्या जोडीला सुनील सुकथनकर होते आणि ते याच इन्स्टिट्यूटमधून दिग्दर्शन शिकून आलेले. कुठे ना कुठे, कुणाच्या तरी समोर चुकायची सोय प्रत्येकाला लागलीच आहे.

अलीकडच्या मराठी सिनेमातल्या दोन मोठ्या दिग्दर्शकांची सुरुवात तर सरळ अभ्यासक्रमातल्या लघुपटानं झाली. उमेश कुलकर्णी यांनी पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये पदविकेसाठी ‘गिरणी’ केला. आई घर चालवायला घरातच पिठाची गिरणी आणते. मुलाला आधी मौज वाटते आणि मग तिचा आवाज त्याचं सगळं जग व्यापून टाकतो. गोष्ट एवढीच. त्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे ‘वळू’, ‘विहीर’ आणि ‘देऊळ’ आले. नागराज मंजुळे इन्स्टिट्यूटमध्ये नव्हते. ते तेव्हाच्या अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापनशास्त्राचं एम.ए. करत होते आणि तिथल्या अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी ‘पिस्तुल्या’ केला: शाळेत जायची ओढ असलेला पारधी समाजातला मुलगा. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ त्याच्या नंतरचे.

या दोन्ही लघुपटांत एक गोष्ट सारखी आहे: विषय मोठा आणि जागा लहान. दिवस मोजके, पैसे मोजके, मिनिटं मोजकी. अशा वेळी गरिबीबद्दल सगळं सांगता येत नाही. एक गिरणी निवडावी लागते. मग तिचा आवाज कधी गमतीचा ठेवायचा आणि नेमका कुठल्या क्षणी नकोसा करायचा, हे ध्वनीवाल्याला सांगावं लागतं. तो विचारतो, "का?" या ‘का’ला उत्तर द्यावं लागणं, हेच शिक्षण.

आता आपल्या गावातलं उदाहरण घे. आपल्या देवळातल्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची कथा तू मांडीवर असल्यापासून ऐकतेस. एलिचपूरच्या राजाला मूर्ती सापडते. ती गाडीतून न्यायची, पण मागे वळून बघायचं नाही, अशी अट असते. वाटेत राजाला शंका येते, मूर्ती येते आहे ना? तो वळतो. गाडी पुढे निघून जाते आणि मूर्ती जागच्या जागी, अधांतरी राहते. समज, हा प्रसंग तुला चित्रित करायचा आहे. वर्गातले बहुतेक जण तरंगती मूर्ती दाखवतील. त्यात खर्च फार आणि प्रेक्षकाला करायला काहीच उरत नाही. थोडा विचार करणारा असेल तो राजाचा चेहरा दाखवेल. मूर्ती पडद्यावर येणारच नाही. आणखी एखादी म्हणेल, गाडीला जुंपलेल्या वासरांकडे बघू. ओझं एकाएकी नाहीसं झालं, जू हलकं झालं, पावलं भरभर पडायला लागली. काहीतरी घडलं हे राजाच्या आधी वासरांना कळलं.

कथा तीच, पण हे तीन वेगळे सिनेमे झाले. पहिला देवाचा, दुसरा शंकेचा, तिसरा ओझं वाहणाऱ्यांचा. तिन्ही चांगले होऊ शकतात, पण तिन्ही एकत्र केले की एकही होत नाही. ही घटना कुणाच्या जागेवरून बघायची हे ठरवायचं आणि बाकीच्या सुंदर कल्पना काळजावर दगड ठेवून सोडायच्या, हे दिग्दर्शकाचं काम. कॅमेरा चालवायला, संकलन करायला, दिवे लावायला तुझ्यापेक्षा जाणती माणसं शेजारी असतात. हा निर्णय मात्र तुझ्या वतीनं कुणी घेत नाही.

चमत्काराचा विषय निघालाच आहे तर ‘संत तुकाराम’ पुन्हा बघ. त्यात चमत्कार भरपूर आहेत, शेवटी वैकुंठगमनही आहे. तरी लोकांच्या लक्षात राहते ती जिजाई: पोरं, म्हैस आणि रिकामी चूल सांभाळणारी, पोराच्या आजारपणात चप्पल घेऊन देवळात विठोबालाच जाब विचारायला जाणारी. ती भूमिका करणाऱ्या गौरी या प्रभातमध्ये साध्या कामावर लागलेल्या बाई होत्या. जिजाईच्या पायाला माती आहे म्हणून तुकोबांचं आकाशात जाणं खरं वाटतं. देवस्थानाच्या गावातून येणाऱ्या मुलीनं हे गाठीला बांधून ठेवावं.

आणि आता तुझ्या निर्णयाच्या दुसऱ्या भागाकडे येतो: कथापटच का, माहितीपट का नाही? गावातली आणखी एक गोष्ट घेऊ. दोन जैन पंथांच्या वादात आपलं मंदिर १९८१ पासून बंद होतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडलं. मधल्या काळात लोकांनी झरोक्यातून दर्शन घेतलं. यावर माहितीपट करणारा निकालपत्रं वाचेल, दोन्ही बाजूंची माणसं बोलती करेल, तारखा ताडून बघेल. ते काम जोखमीचं आणि गरजेचं आहे. कथापट करणारी तू एक म्हातारी कल्पशील. दार उघडल्याच्या दिवशी ती देवळात येते आणि सवयीनं आधी झरोक्याकडेच जाते.

इथून पुढे प्रश्नांची रांग लागते. तिच्यासोबत कोण आलं आहे? तिला कुणी हाताला धरून दाराकडे नेतं, की ती स्वतः वळते? झरोक्यापाशी ती किती वेळ थांबते? तिला जे दिसतं ते प्रेक्षकाला दाखवायचं का? गाभाऱ्यात समोर मोकळं दर्शन होताना तिला आनंद होतो, की काहीतरी हरवल्यासारखं वाटतं? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर कोर्टाच्या कागदात सापडणार नाही. ते तुलाच रचावं लागेल आणि ते खरं निघालं पाहिजे. वाद कुणी जिंकला हे सांगायच्या मोहात पडलीस, तर म्हातारी हातची जाईल.

आता व्यवहाराचं. पुण्यात दिग्दर्शन आणि पटकथेचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे; कोलकात्याला सत्यजित राय इन्स्टिट्यूट आहे. दोन्हीकडे परीक्षा आणि मुलाखत असते, जागा थोड्या असतात. एका ठिकाणी नाही झालं तर नगरचं उदाहरण विसरू नकोस. वर्गात इंग्रजी बरीच चालते, पहिले काही महिने जड जातील. जातात.

शाळेतून बाहेर पडताना कागदापेक्षा माणसं जास्त कामाला येतात. छायाचित्रकार सुधाकर रेड्डी यक्कंटी हे इन्स्टिट्यूटमधलेच. त्यांनी उमेश कुलकर्णींचा ‘देऊळ’ चित्रित केला, मंजुळ्यांचा ‘सैराट’ही केला, आणि २०१८ मध्ये स्वतः ‘नाळ’ दिग्दर्शित केला. घरची भाषा तेलुगू असलेल्या माणसानं विदर्भातल्या खेड्यातली, विदर्भाच्या बोलीतली गोष्ट सांगितली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तू तर त्या बोलीत वाढलीस. मुलाखतीत ती लपवायच्या भानगडीत पडू नकोस.

अर्ज भरण्याआधी एक कर. झरोक्याचा तो प्रसंग तीन वेळा लिही: एकदा म्हातारीच्या जागेवरून, एकदा दार उघडणाऱ्याच्या, एकदा बाहेर चपला सांभाळत बसलेल्या पोराच्या. प्रत्येकी एक पान, संवाद शक्य तितके कमी. मग दोन पानं बाजूला ठेव आणि ती का ठेवलीस ते चौथ्या पानावर लिही. मला चौथं पान आधी पाठव. मुलाखतीत समोरची माणसं तेच विचारतात, आणि भाऊजींना द्यायचं उत्तरही त्याच पानावर असेल.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा

ता. क. भाऊजींना ‘नाळ’ दाखव. मोबाइलवर नको, टीव्हीला जोडून, आणि मध्ये कुणी चहा मागायचा नाही. संपल्यावर काही समजावून सांगू नकोस. त्यांना त्यात काय खटकलं तेवढं विचार आणि मला कळव.