तिला विचारलं का?

नागपूर

चि. बेबीस,


तुझं पत्र पोचलं. बचतगटाच्या बायका आता वार्डातल्या मारकुट्या नवऱ्यांना वठणीवर आणायला निघाल्यात, आरडाओरडा ऐकू आला की काठ्या घेऊन जायचं ठरतंय, असं लिहितेस. नागपूरच्या बाईला काठीबद्दल विचारलंस, तर ऐक.

13 ऑगस्ट 2004 ला इथल्या कस्तुरबानगरातल्या बायकांनी भर न्यायालयात अक्कू यादवला ठार केलं. वर्षानुवर्षं त्यानं वस्तीत बलात्कार केले, खंडणी उकळली. पोलिस दाद देईनात. खटला रेंगाळला आणि 2014 मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. लोक ही शौर्यकथा म्हणून सांगतात. मला त्यात पोलिसांचा नाकर्तेपणाच ठळक दिसतो. शिवाय तो वस्तीवरचा गुंड होता. तुम्ही ज्याच्यावर काठी उगारणार, त्याच्याच घरात ती बाई त्या रात्री झोपणार आहे. वचपा तिच्यावरच निघेल.

चार वडीलधारे बसवून 'समजावण्या'चाही मला तितकाच राग आहे. तो कान पकडतो, ती परत जाते. तिला काय हवंय, ते कुणी विचारतच नाही. तुमच्या गोटमारीचंच बघ ना. पोरगी पळवली म्हणून पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवरून धोंडे मारत सुटले आणि ती पोरगी आणि तिला पळवणारा पोरगा, दोघंही नदीतच मेली, अशी दंतकथा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अजून डोकी फुटतात. त्या पोरीच्या मनात काय होतं, हे मात्र मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

मग करायचं काय? धारावीत 'स्नेहा' संस्था आहे. सायन रुग्णालयात नवजात बाळांच्या डॉक्टर असलेल्या आर्मिडा फर्नांडिस यांनी ती 1999 साली काढली. संस्थेनं वस्तीतल्याच बाया 'संगिनी' म्हणून तयार केल्या. संगिनी न्यायनिवाडा करत नाही. कुठल्या घरात काय चाललंय ते ती ओळखते, बाईशी बोलते, तिची तयारी असेल तर समुपदेशनाला, दवाखान्यात, पोलिसांत सोबत जाते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 पासून 'दिलासा' केंद्र आहे. 'जिन्यावरून पडले' म्हणणाऱ्या बाईला एकटीला बाजूला घेऊन विचारायचं, ही तिथली रीत. सासूसमोर विचारलं तर ती पडलेलीच असते.

आणि 'ठाण्यात कोण ऐकतं' म्हणून बसू नका. तुमच्याच मध्य प्रदेशात 180 पोलिस ठाणी घेऊन महिला मदत डेस्कचा अभ्यास झाला, 2022 मध्ये छापून आला. डेस्क असलेल्या ठाण्यांत बायकांच्या तक्रारी जास्त नोंदल्या गेल्या. एफआयआर वाढल्या त्या मुख्यतः डेस्कवर महिला अधिकारी होत्या तिथं. तेव्हा तुमच्या डेस्कवर बाई आहे का, हे आधी बघा. पांढुर्णा 2023 पासून जिल्हा झालाय. सौंसरच्या बायकांनाही घेऊन कलेक्टर कचेरीत जा आणि संरक्षण अधिकारी कोण, फोन नंबर काय, हे लेखी मागा. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात कलम 4 आहे: शेजारीपाजारी कुणीही या अधिकाऱ्याला खबर देऊ शकतं आणि ती भल्या हेतूनं दिली असेल तर त्याच्यावर काही बालंट येत नाही. हे बैठकीत मोठ्यानं वाचून दाखव. 'आपण कशाला मधे पडा' म्हणणाऱ्या निम्म्या तरी गप्प होतील.

काठ्या घरी ठेवा, पण रात्री दार वाजवायला जरूर जा. साखर मागा, पाणी मागा, काहीही मागा. हात थांबला की झालं. तिच्याशी बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, तो कामावर गेल्यावर. आधार, रेशनकार्ड, पासबुक, पोरांचे दाखले, सगळ्याच्या झेरॉक्स एखाद्या विश्वासू शेजारणीकडे ठेवायला सांग. पहिल्यांदा ती 'काही नाही झालं' म्हणेल. आठ दिवसांनी पुन्हा जा. आणि बैठकीत तिचं नाव काढू नका, संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

ताईला नमस्कार सांग. संत्र्याची पेटी पाठवू नकोस, मागची अजून संपली नाही.

तुझी,
मावशी