दुधातला निळा थेंब

दोस्तांनो, घरात कांदा-बटाटा आहे ना? मग दोन्हींची एकेक चकती कापा. आईला किंवा बाबांना विचारून औषधाच्या पेटीतलं टिंक्चर आयोडीन घ्या, चमचाभर पाण्यात त्याचे दोन-चार थेंब मिसळा आणि त्यातला एकेक थेंब दोन्ही चकत्यांवर टाका. (नंतर त्या चकत्या टाकून द्यायच्या बरं का, खायच्या नाहीत!)

बटाटा निळाकाळा पडला, पण कांद्यावरचा थेंब तसाच तांबूस राहिला. हो ना?

आमच्या चाकणच्या बाजारात कांदा आणि बटाटा शेजारीशेजारी उतरतात. त्यामुळे ही दोघं सख्खी भावंडंच असणार, असं मला लहानपणी वाटायचं. पण बटाटा आपली शिदोरी पिष्ट म्हणजे स्टार्चच्या रूपात बांधून ठेवतो. कांदा मात्र ती साखरेच्या आणि साखरेच्याच जातीच्या, पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांच्या रूपात साठवतो. पिष्टात अमायलोज नावाचा भाग असतो. त्याची लांबलचक साखळी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. आयोडीन त्या वेटोळ्यात शिरून बसलं की निळा रंग दिसतो. कुर्त्वा नावाच्या फ्रेंच गृहस्थांना १८११ साली समुद्रशेवाळाच्या राखेतून आयोडीन सापडलं, आणि तीनच वर्षांत त्याची ही निळी गंमतही लोकांना कळली.

मला ती कळली १९८६ साली, सातवीत. सरांनी वर्गात बटाटा कापून दाखवला आणि माझ्या डोक्यात वारंच शिरलं. घरी जाऊन बाटली काढली. भात निळा, पोळी निळी, साबुदाणा निळा. वहीचा कागदसुद्धा निळा! (कागद तयार करताना त्यात बऱ्याचदा पिष्ट घालतात.) आईचा ओरडा खाऊन झाला, तरी हात थांबेनात. मग ओट्यावरची एक वाटी उचलली, नळाखाली धरल्यासारखी केली, तिच्यात दूध ओतलं आणि थेंब टाकला.

दूध निळं झालं.

मी वाड्यात ओरडत सुटलो, "दुधात पीठ! तात्यांच्या दुधात पीठ!"

तात्या म्हणजे आमचे दूधवाले. भामा नदीकडच्या एका गावाहून पहाटे सायकलवर कॅन लावून यायचे. दुधात पाणी घातलं की ते पातळ होतं. ते लपवायला काही लोक पीठ मिसळतात, हे मोठ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे माझ्यावर लगेच विश्वास बसला. दुसऱ्या दिवशी दोन घरांनी रतीब बंद केला. आमचा राहिला, कारण बाबा म्हणाले, "महिना संपू दे, मग बघू."

तात्या भांडले नाहीत. माझ्याकडे बघून आईला एवढंच म्हणाले, "शिकणारं पोर हाय ताई. ते कशाला खोटं बोलंल?"

शाळेत मी सरांना ऐटीत सगळं सांगितलं. वाटलं, शाबासकी मिळणार. सरांनी विचारलं, "त्याच वाटीत नुसतं पाणी घालून पाहिलंस का?"

नव्हतं पाहिलं. घरी आलो. ती वाटी तशीच पडून होती. आतलं दूध ओतून टाकलं, पाणी घातलं, थेंब टाकला. पाणीही निळसर झालं!

"अरे, त्याच वाटीनं मी परवा साड्यांना खळ दिली," आई म्हणाली. खळ म्हणजे तांदळाची पेज, नुसतं पिष्ट. वाटीच्या कडेला ती वाळून चिकटली होती. आयोडीनला तेवढी पुरते. मग काचेचा पेला घासून, खळखळून धुतला. आधी त्यात पाणी, मग दूध. दोन्ही पिवळसरच राहिले.

तुम्हीही दूध तपासणार असाल तर आधी स्वच्छ पेल्यात साध्या पाण्याची परीक्षा घ्या. दूध उकळून घेतलंत तर पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना अमायलोजची वेटोळी सैल होतात आणि पीठ असूनही निळा रंग उमटत नाही. आणि थेंब निळा झाला नाही, तर दुधात पीठ नाही एवढंच कळतं. त्यात पाणी, युरिया किंवा साबणाची पूड आहे का, ते आयोडीन सांगत नाही. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 'डार्ट' या पुस्तिकेत त्यासाठी वेगळ्या चाचण्या दिल्या आहेत.

त्या संध्याकाळी बाबांनी मला पेला आणि बाटली घेऊन दोन्ही घरी पाठवलं. पाणी, खळ, दूध, सगळं त्यांच्यासमोर करून दाखवायचं आणि चूक माझी होती म्हणून सांगायचं. पाय उचलत नव्हते. पहिल्या घरच्या काकू हसल्या आणि सकाळी दारात पातेलं ठेवलं. कोपऱ्यावरच्या आजोबांनी मात्र दुसरा रतीब लावून टाकला होता. "आता त्याला कसं नाही म्हणू?" ते म्हणाले.

सकाळी तात्यांना मी सगळं सांगितलं, मान खाली घालून. त्यांनी कॅनच्या झाकणात थोडं दूध ओतून माझ्यापुढं धरलं. "घे, टाक थेंब."

"नको तात्या."

"टाक की. तुझी खात्री, माझी बी खात्री."

मी टाकला. पिवळसर राहिला. तात्यांनी ते दूध अंगणात ओतलं, झाकण धुतलं आणि सायकल काढली. कोपऱ्यावरच्या दारापाशी रोजच्या सवयीनं त्यांचा हात घंटीकडे गेला, थांबला, आणि ते तसेच पुढे गेले.