बिनविस्तवाची वडी

आमच्या घरात नारळाच्या वडीला सणाचे निमित्त लागत नसे. कोणी पाहुणा परगावी निघाला, कोणाचा परीक्षेचा निकाल लागला, की आई खवणी घेऊन बसे. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी होती. तिच्यातून पाकाचा वास शेजारच्या गुजराती बिऱ्हाडात पोहोचला की पलीकडून हाक येई, "बेन, आजे टोपरापाक?" आई इकडून सांगे, "ना बेन, अमारी वडी." पुढे भाषेचा विद्यार्थी झाल्यावर मला या संवादातली गंमत उमगली. शेजारणीने पदार्थाला पाकाचे नाव दिले होते आणि आम्ही पाडलेल्या तुकड्याचे. खरे सांगायचे तर शेजारीणच अधिक अचूक होती. नारळाच्या वडीचे सारे मर्म पाकातच असते.

साखर जेमतेम भिजेल इतके पाणी, मध्यम आच आणि मग वाट पाहणे. पाण्याचा अंश उडत जातो तसतसे उकळीचे बुडबुडे लहान आणि आळशी होत जातात. आई झाऱ्यावरचा थेंब अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरी आणि बोटे हळूच विलग करी. मधे तार दिसे. ती एक की दोन, तुटते की टिकते, एवढ्यावर वड्यांचे भवितव्य ठरे. घाई झाली तर वड्या ओल्या राहत आणि उशीर झाला तर ताटात वडीऐवजी चुरा येई. आईच्या हातून असा चुरा झाल्याचे मला आठवत नाही. घड्याळाकडे ती कधी पाहत नसे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आई तेव्हा ७९ वर्षांची होती. दुपारी तिने दूध तापत ठेवले, जपाची माळ घेऊन ती झोपाळ्यावर बसली आणि तिचा डोळा लागला. मी शाळेतून परतलो तेव्हा जिन्यातच करपल्याचा वास येत होता. दूध केव्हाच आटून गेले होते, पातेले काळेठिक्कर पडले होते आणि स्वयंपाकघर धुराने भरले होते. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि शाळेतल्या आवाजात म्हणालो, "आजपासून तू गॅसला हात लावायचा नाहीस." आई "बरं" म्हणाली. तेवढ्यात आलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत.

माझे म्हणणे चुकीचे नव्हते. काही विपरीत घडले असते तर आयुष्यभर पश्चात्ताप करावा लागला असता. त्या दिवसापासून बाहेर पडताना मी सिलिंडरचे बटण बंद करू लागलो. कबूल करायला संकोच वाटतो, पण ते तिला दिसेल अशा रीतीने करू लागलो.

त्यानंतर आई स्वयंपाकघरात फारशी येईनाशी झाली. मागल्या पडवीत बसून तांदूळ निवडी, लसूण सोली. पूर्वी आमटीचा पहिला घास तोंडात जाताच "आज चिंच अंमळ कमी पडली" असे ती हमखास सांगत असे आणि आम्ही मनातून वैतागत असू. आता ताटात पडेल ते ती मुकाट्याने जेवू लागली. कोणी विचारले तर म्हणे, "छान झालंय." घरातील वाद मिटले म्हणून मला बरेच वाटले. साठ वर्षे चिंचगुळाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईने नुसते "छान झालंय" म्हणावे, यात काय बिघडले आहे ते माझ्या ध्यानात यायला वर्ष लोटले. आणि तेही एका सहावीतल्या मुलीमुळे.

माझी शाळा सरकारी, मराठी माध्यमाची. अशा शाळांची आपल्याकडे काय अवस्था आहे, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. मुले मोजकी, पण उत्साही. गेल्या बालदिनाला आमच्या एका तरुण शिक्षिकेने बिनविस्तवाच्या पाककृतींची स्पर्धा घ्यावी असे सुचवले. मी परवानगी दिली, पण नाक मुरडूनच. 'सोपे' या शब्दाचे मला जुने वावडे आहे. मूळ पुस्तक वाचा, गाइडे वाचू नका, हे सांगण्यात माझी नोकरी सरत आली. विस्तवावाचून पाककृती म्हणजे मला स्वयंपाकाचे गाइडच वाटले.

वर्गात बाके जोडून पदार्थ मांडले होते. भेळ, मोड आलेल्या मटकीची कोशिंबीर, लिंबाचे सरबत, बिस्किटांच्या चुऱ्याचे लाडू. एका ताटलीत तपकिरी रंगाचे, काहीसे वाकडेतिकडे चौकोन होते. मी विचारले, "हे काय?"

"सर, फज. भाजायचं नाही, शिजवायचं नाही."

"आईच्या मदतीने खरी वडी का नाही केलीस?"

"आई सात वाजता कामावरून येते, सर. तोवर गॅसला हात लावायचा नाही असं तिनं बजावलंय. म्हणून तूपसुद्धा मी उन्हात ठेवून पातळ केलं."

ते वाक्य माझ्या ओळखीचे होते. मी सहज विचारले, "मग तुला राग नाही येत आईचा?" मुलीने नवलाने माझ्याकडे पाहिले. "नाही, सर. काय काय करता येईल ते तिनंच लिहून दिलंय." तिने दप्तरातून वहीचा एक चतकोर कागद काढून दाखवला. त्यावर घाईच्या अक्षरात पाच पदार्थ लिहिले होते आणि तिसरा हा होता.

मी एक तुकडा तोंडात टाकला. चांगला झाला होता. त्या संध्याकाळी घरी येताना मात्र चवीपेक्षा तो कागदच माझ्या मनात घोळत होता. त्या माउलीनेही मनाई केली होती. पण मनाईच्या मागोमाग तिने मुलीच्या हाती दुसरे काही ठेवले होते. मी नुसतीच मनाई केली होती.

पुढच्या रविवारी मी सामान आणले. दुधाची भुकटी दोन वाट्या, कोको तीन मोठे चमचे, कंडेन्स्ड मिल्क अर्धा डबा म्हणजे २०० ग्रॅम, पातळ केलेले साजूक तूप तीन चमचे. पडवीकडे तोंड करून मी मोठ्याने म्हणालो, "मी वडी करतोय." आई उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

"पाक कुठाय?"

"पाक नाही. गॅस लावायचाच नाही."

"मग गोळा कसा व्हायचा?" एवढे बोलून ती तिथेच थांबली.

मी कागदाबरहुकूम भुकटी परातीत ओतली, कोको टाकला आणि अर्धा डबा दूध एकदम वर रिकामे केले. चमच्याने ढवळले तर सर्वत्र गुठळ्या झाल्या आणि मधे चिकट डबके साचले. मुख्याध्यापकाच्या हाताला ते सगळे चिकटून बसले.

"भुकटी चाळली नाहीस," आई म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "कणकेत पाणी असं एकदम ओततात का?" आणि मग तिला राहवले नाही. तिने हात धुतले, पदर खोचला आणि परात आपल्याकडे ओढली. गुठळ्या तळहाताने दाबून मोडल्या. तूप थोडे थोडे सोडत मळायला घेतले. मिश्रण सैल वाटले तेव्हा मला म्हणाली, "दोन चमचे भुकटी चाळून दे. पुरे. आणखी एक." गोळा परातीच्या कडा सोडू लागला. तेव्हा तिने त्यातला कण उचलून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबला आणि बोटे हळूच विलग केली.

तिथे तार नव्हती, असणारही नव्हती. पण बोटे काय विचारीत होती ते मी ओळखले. "आता थाप," ती म्हणाली.

तूप लावलेल्या ताटात आम्ही ते बोटभर जाडीचे थापले. थापण्यापूर्वी तिने, मला न विचारता, थोडे जायफळ उगाळून त्यात घातले होते. तीन तास ताट फ्रिजमध्ये ठेवले आणि मग वड्या पाडल्या. वाचक भगिनींनी, आणि बंधूंनीही, जरूर करून पाहाव्यात. फक्त भुकटी व कोको आधी चाळून घ्यावे आणि दूध तीन हप्त्यांत घालावे.

रात्री जेवताना आई म्हणाली, "सोपं आहे, पण यात माझं काय?" प्रश्न रास्त होता. मीही त्यावर विचार केला.

या फजचे कूळ अमेरिकेतले. तेथील वासर या मुलींच्या महाविद्यालयातील एमेलिन हार्ट्रिज हिने १८८८ साली आपल्या विद्यालयातील एका विक्रीसाठी ३० पौंड फज केले होते. हे मूळचे फज काही बिनविस्तवाचे नव्हे. साखर, दूध, लोणी सुमारे ११२ ते ११६ अंश सेल्सिअसपर्यंत उकळायचे, निवू द्यायचे आणि मग घोटायचे, म्हणजे साखरेचे कण बारीक राहतात व तुकडा मऊ होतो. घाई केली तर ते आळत नाही, अति केले तर रवाळ होते. थोडक्यात, आमच्या वडीची ती दूरची बहीणच.

सोप्या प्रकारात हा विस्तव टळला असे आपल्याला वाटते. वस्तुतः तो आपल्याआधी दुसऱ्या कोणीतरी सोसलेला असतो. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात शिरण्यापूर्वी दुधातले निम्म्याहून अधिक पाणी कारखान्यात उडवलेले असते आणि साखर तिथेच मुरलेली असते. म्हणजे पाक आधीच झालेला असतो. भुकटीची कथा तर आपल्या शेजारची. वडोदऱ्याहून चाळीसएक किलोमीटरवर असलेल्या आणंदला १९४६ साली खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही असे त्या काळी परदेशी तज्ज्ञ सांगत. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक. एच. एम. दलाया यांनी ती भुकटी करून दाखवली आणि १९५५ साली आणंदचा कारखाना सुरू झाला. दुधाचे बारीक तुषार गरम हवेत सोडून त्यातले पाणी काढून घेतात आणि खाली भुकटी साचते. आपल्या परातीत चमच्याने पडणाऱ्या त्या पांढऱ्या भुकटीत कोणाची पहाटेची धार, कोणाची रात्रपाळी आणि कोणाची जिद्द मिसळलेली असते.

हे सारे मी आईला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे आच कोणाला चुकत नाही. कोणीतरी उभं राहतंच." तिने ते सहज म्हटले होते, मला मात्र ते लागले. धुराने भरलेल्या त्या दुपारी, विस्तवापाशी मीही उभा राहू शकलो असतो, हे तोवर मला सुचलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने पितळी डबीत आठ वड्या भरून त्या मुलीसाठी दिल्या. "तिला सांग, जायफळ घातलंय. आणि तूप उन्हात ठेवते ते फार हुशारीचं." मी निरोप जसाच्या तसा पोहोचवला. मुलीने डबी परत केली तेव्हा तिच्यात लिमलेटच्या चार गोळ्या होत्या.

त्या आठवड्यातच एका दुपारी आमटीचा घास घेऊन आई थबकली आणि म्हणाली, "गूळ जरा जास्त झालाय." आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले आणि त्या हसल्या. किती दिवसांनी आमच्या घरात गूळ जास्त झाला होता.

संक्रांतीच्या आधी आईने नारळ मागवला. मी शाळेतून आलो तेव्हा तो खवून तयार होता. मी कढई ठेवली, गॅस मी लावला, साखर-पाणी मी घातले आणि झारा तिच्या हाती दिला. ती स्टुलावर बसली, मी तिच्या शेजारी उभा राहिलो. हात थोडा थरथरत होता, म्हणून थेंब मी उचलला. तिने तो माझ्या बोटांवरून आपल्या बोटांवर घेतला.

"आता?" मी विचारले.

"थांब."

बुडबुडे लहान होत होते. खिडकीतून पाकाचा वास बाहेर जात होता. मी घड्याळाकडे पाहिले नाही.