शांतीचा नमस्कार

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बराच काळ रविवारची मिस्सा मी घरीच टीव्हीवर पाहिली. आवाज स्पष्ट, प्रवचन चांगलं, तरी मन कोरडंच राहायचं. फादर आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला आळीत येत, तेव्हा शेजारच्या बायका आपणहून प्रार्थनेला येऊन बसत. त्या दिवशी घर भरल्यासारखं वाटे.

परवा काठी टेकत चर्चला गेले. आमच्या वसईत मिस्सा मराठीत होते. आजीच्या तरुणपणी ती लॅटिनमध्ये असे. १९६२ ते १९६५च्या व्हॅटिकन परिषदेनंतर वेदीवर लोकांची भाषा आली. लॅटिन न कळणारी आजी त्याआधी जपमाळ ओढत बसे. तिची श्रद्धा माझ्याहून उणी होती, असं मला कधीच वाटलं नाही. मग कळण्यानं नेमकं काय वाढतं?

शांती देण्याची वेळ आली. सगळे हात जोडून एकमेकांकडे वळले. बांधाच्या वादावरून जिच्याशी आमचं बोलणं बंद आहे, ती पुढच्या बाकावरची बाईही वळली. तिच्या नखांत वाडीतली माती होती. मीही हात जोडले. तो नमस्कार मनापासूनचा की रीतीचा, तिचं तिला ठाऊक. माझंही मला पुरतं उमगलेलं नाही. पण टीव्हीसमोर बसून असे हात कुणाकडे वळले नसते.

बाहेर सामवेदी बोलीत गप्पा रंगल्या होत्या. मला मात्र घरी काढलेले ते कोरडे रविवार आठवले. तुमच्या आळीत कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर मिस्सेनंतर थेट घरी जाऊ नका. त्यांच्याकडे थोडा वेळ बसा.