आठ कपांचा प्रश्न

ऑस्ट्रेलियात आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. त्याआधीचे काही आठवडे घरगुती उपकरणांच्या दुकानांत सेलची गर्दी असते. आमचं कॉफी मशीन घ्यायचं ठरलं ते याच दिवसांत. आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला, पॉइंट कुकच्या बाजूला राहतो. नवरा आणि मी कामावर जाताना बाहेरच कॉफी घ्यायचो. फ्लॅट व्हाइट आता पाच-साडेपाच डॉलरला पडतो. दोघांचा रोज एकेक कप धरला तर वर्षाचे जवळपास चार हजार डॉलर होतात. त्यात एप्रिलमध्ये सांगलीहून सासरे, म्हणजे बाबा, आले. थंडी वाढली तशी त्यांना दुपारी कॉफी हवीशी वाटू लागली, आणि बरणीतली इन्स्टंट पावडर काही त्यांच्या जिभेला पटेना. त्यांच्या लहानपणी घरात पोल्सनची कॉफी यायची, चिकोरी घातलेली. आजारी माणसाला किंवा पाहुण्याला ती दुधात उकळून, वर जायफळ किसून द्यायचे. कॉफी म्हणजे कुणासाठी तरी मुद्दाम केलेली गोष्ट, हे त्यांच्या मनात पक्कं आहे.

बाबा साखर कारखान्यात बॉयलरवर होते. हे सांगायला हवं, कारण आमच्या खरेदीची दिशा त्यामुळेच ठरली.

दुकानात एक अख्खी भिंत कॉफी मशीनची होती. ब्रेव्हिल, सनबीम, डिलॉन्घी. किमती काही शे डॉलरपासून तीन-चार हजारांपर्यंत. ब्रेव्हिल ही इथलीच कंपनी, १९३२ साली सिडनीत रेडिओ बनवण्यापासून सुरू झालेली, हे ऐकून बाबांना ती लगेच जवळची वाटली. मग त्यांची नजर खोक्यांवर गेली. बहुतेकांवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: १५ बार.

"आमचा बॉयलर पंचेचाळीस किलो दाबाचा होता," बाबा म्हणाले. "त्यावर टर्बाइन फिरायचं. कपभर कॉफीला पंधरा कशाला लागतोय गं?"

काउंटरवरच्या मुलीला मी हे इंग्रजीत विचारलं. तिला माहिती होती आणि ती मनापासून बोलली. एस्प्रेसोला कॉफीच्या थरावर साधारण नऊ बार दाब लागतो. आतला छोटा पंप जास्तीत जास्त पंधरापर्यंत दाब देऊ शकतो, म्हणून खोक्यावर पंधरा. चांगल्या मशीनमध्ये एक व्हॉल्व्ह असतो, तो जादा दाब सोडून देतो. बाबांना एवढं पुरलं. "म्हणजे पंपाची ताकद वेगळी आणि कामाचा दाब वेगळा. मग हा आकडा बघून घ्यायचं नाही." तिथून पुढे आम्ही त्या आकड्याकडे पाहिलंच नाही. मला वाटतं, कॉफी मशीन घेणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी समजून घ्यावं.

त्या दिवशी काही न घेता आम्ही बाहेर पडलो. पुढच्या शनिवारी बाबांना शहरात बर्क स्ट्रीटवर पेलेग्रिनीज एस्प्रेसो बारमध्ये नेलं. १९५४ पासूनची जागा. लांब काउंटर, उंच स्टुलं, मशीनमधून फुसफुसणारी वाफ. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीहून आलेल्या लोकांनी या शहराला कॉफी प्यायला शिकवलं. मेलबर्नला आज तिचा जो अभिमान आहे, त्याचं मूळ त्या स्थलांतरात आहे. स्टारबक्स २००० साली ऑस्ट्रेलियात आलं आणि २००८ मध्ये ८४ पैकी ६१ दुकानं त्यांनी बंद केली. कोपऱ्यावरच्या कॅफेत नाव माहीत असलेल्या माणसाच्या हातची कॉफी मिळत असताना लोक तिकडे का जातील?

स्टुलावर बसून बाबांना मी वाचलेलं सांगितलं. जुन्या इटालियन मशीनमध्ये बॉयलरची वाफच पाण्याला कॉफीतून ढकलायची. दाब जेमतेम दीड बार, आणि तो वाढवावा तर पाणी जास्त तापून कॉफी करपायची. १९४८ च्या सुमारास आकिले गाज्जियाच्या मशीनमध्ये स्प्रिंगचा दांडा आला. पाणी तापवणं आणि पाणी दाबणं ही दोन कामं वेगळी झाली. कॉफीवर सोनेरी फेस दिसला तो तेव्हापासून. १९६१ मध्ये फाएमाच्या ई६१ ने दांड्याच्या जागी विजेचा पंप बसवला. बाबा कितीतरी वेळ काउंटरवरच्या मशीनकडे बघत राहिले. "तापमान आणि दाब सुटे केले, हीच खरी अक्कल," ते म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यभर हे दोन्ही एकत्र सांभाळले, त्याच्या तोंडून ते ऐकताना मला फार बरं वाटलं.

दुकानाच्या पुढच्या फेरीत प्रश्न बदलले. वाफेच्या नळीने दूध कसं होतं? ग्राइंडर कसा आहे? मशीन बेताचं आणि ग्राइंडर चांगला असेल तर कॉफी चांगली होते. उलटं केलं तर होत नाही. दळण एकसारखं नसेल तर पाणी सोपी वाट शोधून निसटतं आणि कॉफी एकाच घोटात आंबट नि कडू लागते. स्वस्त मशीनबरोबर दुहेरी तळाची जाळी मिळते. ती दळणातली उणीव झाकून फेस दाखवते, पण चव देत नाही. म्हणून एकेरी तळाची जाळी आहे का, हे विचारायचं.

आणि मग बाबांनी तो प्रश्न विचारला. "आठ माणसं आली तर?"

घरात आठ माणसं येणं ही आमच्याकडे रविवारची साधी गोष्ट आहे. मराठी मंडळातले, जवळच्या टार्नीट-ट्रुगनिना उपनगरांतले मित्र, त्यांची मुलं, कुणाचे तरी भारतातून आलेले आईवडील. काउंटरवरच्या मुलीने सरळ सांगितलं: लहान मशीन तीन सेकंदांत तापतं, पण कॉफी काढणं आणि दूध तापवणं एकामागून एक. दुधाच्या एका कपाला तीन-चार मिनिटं धरा. आठ कपांना अर्धा तास. दोन बॉयलरचं मशीन दोन्ही कामं एकदम करतं, पण किंमत बरीच वर जाते आणि तापायलाही वेळ लागतो.

"मग ही पाहुण्यांत बसणार कधी?" बाबा नवऱ्याला म्हणाले.

कितीतरी माहितीपत्रकं चाळली होती मी. हा प्रश्न एकातही नव्हता. ही मशीन एक-दोन माणसांच्या घरासाठी आखलेली आहेत. आपल्या घरात किती माणसं येतात हे आपणच ठरवून दुकानात जायला हवं.

शेवटी आम्ही लवकर तापणारं लहान मशीन घेतलं आणि ग्राइंडर वेगळा घेतला, म्हणजे एक बिघडलं तरी दुसरं चालू राहील. वाढीव वॉरंटी नाही घेतली. २०११ पासूनचा इथला ग्राहक कायदा वस्तू वाजवी काळ टिकण्याची हमी तसाही देतो. आणि जोडीला नऊ कपांचा मोका पॉट. बियालेत्तीने १९३३ मध्ये काढलेलं हे अष्टकोनी अ‍ॅल्युमिनियमचं भांडं. बाबांनी दुकानातच ते उघडलं. खाली पाणी, मधे कॉफी, वर निघालेला अर्क, आणि बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह. "हा तर बॉयलरच," असं म्हणून त्यांनी व्हॉल्व्ह अंगठ्याने दाबून तपासला आणि मगच भांडं ट्रॉलीत ठेवलं.

आमच्याकडे अजून गॅस आहे म्हणून हे भांडं चालतं. २०२४ पासून व्हिक्टोरियात नियोजन परवाना लागणाऱ्या नव्या घरांना गॅसची जोडणी मिळत नाही. इंडक्शन असेल तर स्टीलचा मोका बघावा.

मशीन बाबांनीच जुळवलं. अठरा ग्रॅम पूड, छत्तीस ग्रॅम कॉफी, पंचवीस ते तीस सेकंद. घड्याळ हातात धरून ते ग्राइंडरचा काटा सरकवत राहायचे. बियांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर घेऊ द्यायचे नाहीत. मेलबर्नचं पाणी मऊ आहे, त्यामुळे क्षार कमी साचतात. अ‍ॅडलेडला राहणाऱ्या बहिणीला त्याची जास्त काळजी घ्यावी लागते. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी: साखर आणि जायफळ घातलेलं दूध वाफेच्या नळीखाली कधी धरू नये. टोकाच्या बारीक भोकांत ते चिकटून करपतं. दूध साधंच फिरवायचं, साठ-पासष्ट अंशांवर थांबायचं, आणि जायफळ कपात वरून किसायचं.

जुलैतल्या एका रविवारी आठाच्या वरच माणसं जमली. मोका गॅसवर, शेजारी पातेल्यात दूध, साखर, जायफळ. मोक्यात चारशे मिलीच्या आसपास कडक कॉफी निघते, ती पातेल्यात ओतली की सगळ्यांचे कप एकदम भरतात. ज्या दोघांना बिनदुधाची हवी होती त्यांना बाबांनी मशीनवर काढून दिली. मी बाहेर सगळ्यांबरोबर बसले होते.

नागपूरहून नुकतीच आलेली एक मैत्रीण तेव्हाच म्हणाली, मलाही मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ? मी तिला आधी विचारलं, रविवारी घरी किती जण येतात? शहरातल्या फ्लॅटमध्ये ती आणि नवरा, येणारं अजून कुणी नाही, आणि इंडक्शन. तर तुला लहान मशीन पुरे, म्हटलं, पैसे ग्राइंडरमध्ये घाल. आणि पुढच्या रविवारी इकडे या, मशीन हाताळून बघ, मग घे.