खालचा दोरा

ज्या घरात शिलाई मशीन असतं, त्या घरातला बिघाड कधी एकट्याचा राहत नाही. मिक्सर बिघडला तर फक्त चटणी अडते. मशीनने टाके सोडले की सगळे नातेवाईक इंजिनिअर होतात.

आमचं गाव खुलताबाद. शिवणकामाच्या बाबतीत या गावाने थोडी ऐट मिरवायला हरकत नाही, कारण टोप्या शिवणारा एक बादशहा इथेच पुरलेला आहे. औरंगजेब 1707 साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला वारला आणि त्याला इथे आणलं. टोप्या शिवून मिळवलेल्या चार रुपये दोन आण्यांत आपलं कफन करावं, असं त्याने सांगून ठेवल्याचं म्हणतात. माझ्या आईला या गोष्टीचं फारसं कौतुक नाही. "टोप्यांचं कापड कुणाच्या पैशाचं होतं, ते आधी विचार," असं ती म्हणते. तिला तो अधिकार आहे. वडील गेल्यावर ब्लाउज, परकर आणि झबली शिवून तिने आम्हा दोघा भावांच्या फिया भरल्या. तिच्या वहीत कापड, अस्तर आणि दोरा वेगवेगळा मांडलेला असे.

बादशहाचं काम अर्थात हातसुईचं. अमेरिकेतल्या एलियास हौने मशीनचं पेटंट घेतलं ते 1846 साली. त्यातली खुबी म्हणजे सुईचं नेढं टोकाशी. सुई वरचा दोरा खाली नेते, तिथे त्याचा फास होतो, शटल त्यात खालचा दोरा अडकवतं आणि दोघे कापडाच्या मधोमध गळामिठी मारतात. म्हणजे लग्नच म्हणा ना; ताण दोन्हीकडून सारखा हवा.

गेल्या डिसेंबरात हा संसार बिघडला. कापडाच्या वरून टीप सरळ, उलटून पाहावं तर चिमणीचं घरटं! अण्णा म्हणाला, बॉबीनच्या डबीचा स्क्रू आवळा. वहिनी म्हणाली, सुई बदला. शेजारच्या काकूंनी दिवाळीतच प्रेमाने खोबरेल तेल सोडून ठेवलं होतं. आमच्या डोंगरावरच्या थंडीत खोबरेल बाटलीत थिजतं, ते मशीनच्या पोटात का थिजू नये? चाक हाताने फिरेना. शेवटी मामा भंगारवाल्याकडून किलोचा भाव काढून आले. आईने त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. मामांना मधुमेह आहे, त्यामुळे त्यांना तो अपमान कळलाच नाही.

मग चाचा आले. सत्तरी उलटलेली, खांद्याला हत्यारांची फाटकी पिशवी. त्यांनी कुणाचाही सल्ला न ऐकता सुईखालची पट्टी काढली. दात्यांमध्ये तेलाने चिकटलेल्या सुतांचा नमदा झाला होता. ते चिमट्याने उपसत होते आणि आई रंग ओळखत होती. "हा हिरवा सुनेच्या डोहाळजेवणाच्या ब्लाउजचा. हा खाकी तुझ्या शाळेच्या चड्डीचा." मी आता साठीला आलो आहे. आमच्या भागात कुठेही खणलं तरी इतिहासच लागतो.

दोष मात्र तिथे नव्हता. वर, ताणाच्या दोन चकत्यांमध्ये दोऱ्याचा नखाएवढा तुकडा अडकला होता. त्यामुळे चकत्या मिटत नव्हत्या आणि वरचा दोरा सैल सुटत होता.

"ताई, गुंता खाली दिसतो, पण कसूर वरच्या दोऱ्याची असते," चाचा म्हणाले. "लोक खालच्यालाच आवळत बसतात."

हे ते मशीनबद्दलच बोलत होते ना, असं मला विचारायचं होतं. पण त्यांच्या हातात पेचकस होता.

रॉकेलने धुऊन त्यांनी थिजलेलं खोबरेल काढलं, जागोजाग मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला आणि बिनदोऱ्याचं मशीन चिंधीवर चालवून वरचं तेल टिपून घेतलं. मग दोरा ओवला आणि टीप मारून बघायला एखादं जाड कापड मागितलं.

आईने इकडेतिकडे पाहिलं. चाचांची पिशवी उचलून हत्यारं सतरंजीवर ओतली, फाटलेला तळ दुमडला आणि त्यावर अशी दुहेरी टीप घातली की चाचा "वा!" म्हणून मान डोलवत राहिले. खालून, वरून, टाका मोत्यासारखा.

चाचांनी मजुरीचे तीनशे रुपये सांगितले. आईने दोनशे ऐंशी मोजून दिले.

"वीस पिशवीचे," ती म्हणाली. "दोरा माझा होता."