नीरेचा भात, चाओ फ्रायाचा काठ

उत्रोलीत कुणाच्या चुलीवर आंबेमोहर शिजतोय हे वाटेवरून जातानाच कळायचं. भोरजवळचं हे आमचं गाव नीरेच्या खोऱ्यातलं, भाताच्या मुलखातलं. आषाढात डोक्यावर इरलं घेऊन आवणी चालायची. पहिल्या पुराबरोबर चढणीचे मासे यायचे आणि त्या दिवशी आजी कालवण करून शेतावर आणायची. बांधावर बसायचं, पाटाच्या पाण्यात हात धुवायचे आणि मऊ भातावर तो तिखट रस्सा ओतून घ्यायचा. पाण्याकाठी जेवण्याची गोडी मला तिथे लागली.

पुढे नोकरीने बँकॉकला नेलं. चाओ फ्राया नदीला लागून एक छोटं उपाहारगृह होतं. तिथे थाई आणि भारतीय, दोन्ही स्वयंपाक मिळायचे. समोरच्या तीरावर वाट अरुण मंदिराचं उंच शिखर दिसायचं आणि होड्या गेल्या की लाटा लाकडी फळ्यांखाली आपटायच्या. सोबतचे मित्र डाळ आणि नान मागवत. मी तोम खा घ्यायचो. नारळाच्या दुधातलं ते कोंबडीचं सार, त्यात गवती चहा, कुलंजन आणि लिंबाची पानं. आमच्या परसातल्या गवती चहाने चहाचं आधण सोडून दुसरं भांडं कधी पाहिलं नव्हतं. इथे त्याचं सार झालेलं पाहून फार आनंद झाला.

पण जीव गुंतला तो भातात. भांड्याचं झाकण निघालं, वाफ आली आणि मला आजी आठवली. वाढणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्यांनी आतून एक लांब हिरवं पान आणून हातात दिलं. केवड्याच्या कुळातलं, त्यांचं बाय तोए. कोकणात साध्या तांदळाला आंबेमोहराचा वास यावा म्हणून भातात घालतात, तेच हे पान! ते पान, थाई जास्मिन तांदूळ आणि आपला आंबेमोहर, तिन्हींच्या सुगंधात 2-ॲसिटिल-1-पायरोलीन हेच मुख्य द्रव्य असतं, हे नंतर वाचनात आलं.

आंबेमोहराचं पीक उंच वाढतं, वाऱ्यात आडवं पडतं आणि उतारा कमी देतं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर-157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून काढलेला इंद्रायणी 1987 साली आला आणि शेतकऱ्याच्या हाती चार पैसे राहू लागले. त्याचं मोल मी जाणतो. तरी वाटतं, भोर-वेल्ह्यात घरटी एक खाचर आंबेमोहराचं राहावं. भाटघर धरणाच्या पाण्याकाठी आता पाहुणे जेवायला येतात. थाई माणूस परक्याच्या पानात आपला तांदूळ किती अभिमानाने वाढतो, ते मी पाहिलं आहे. आपणही दिवाळीनंतरच्या नव्या तांदळाचा भात, वर तुपाची धार, तितक्याच मानाने या पाहुण्यांपुढे ठेवू या.